कानाडोळा

डंडीतल्या त्या खोलीला खिडकी नव्हती.
हनुवटी टेकवायला प्लास्टिकची वाटी,
कपाळाला पट्टी,
आणि पाठीमागून मोरॅगचा आवाज, ओल्या लोकरीसारखा:
ठिपका डावीकडे उमटला तर उजवीकडे बघायचं.
उजवीकडे उमटला तर डावीकडे.
ठिपक्याकडे मात्र बघायचं नाही.

एवढंच.
तासाचे दहा पौंड, वर बसभाडं.

आमच्या भाषेत याला शब्द आहे,
हे मी तिला सांगितलं नाही.
कान आणि डोळा एकत्र शिवलेला शब्द,
दोघांना एकाच टाक्यात गप्प बसवणारा.

त्याआधी प्रश्नांचे चार कागद.
बसमधली अनोळखी माणसं हसली
तर ती तुम्हाला हसली असं वाटतं का?
हो किंवा नाही.
अधूनमधूनला चौकट नव्हती.
रिकाम्या खोलीत कुणी आहे असं?
पेन्सिल चावून तिचा रंग जिभेला लागला.
नेहमीच्या गोष्टींत तुमच्यासाठी काही खूण असते का?
आता परवा बावीस नंबरची बस
मला एकाच सकाळी तीनदा आडवी गेली,
आणि बावीस तारखेला घरून फोन आला,
हे कुठे लिहू?
मी "नाही"वर खूण केली. मग खोडलं.
कागद तिथे जरासा फाटला.

अंधार. मधोमध एक फुली.
ठिपका.
गेला डोळा.
पुन्हा ठिपका.
पुन्हा गेला.
कळत नाही असं नाही हो,
कळतं, पण डोळा आधी पोचतो
आणि मी मागून धापा टाकत,
हातात त्याची चप्पल घेऊन.

मिरजेला शकूआत्या
जेवता जेवता थांबायची,
मोरीच्या दाराकडे बघायची,
"हो, वाढते" म्हणायची
आणि भाताचं एक मूद जास्त काढायची.
आई माझी मांडी चिमटायची:
तिकडे बघू नको. ताटात बघ.
आणि माझा डोळा
तापल्या तेलातल्या मोहरीसारखा
सरळ मोरीच्या दारावर.
तिथे काही नव्हतं.
तिथे काही नव्हतं, हेच
मला अजून नीट दिसतं:
निळा रंग, कडीखालचा पोपडा,
ओल्या पंचाची सावली.

बाकी सगळ्यांना जमायचं.
नानाकाकांना तर इतकं जमलं
की पुढली अकरा वर्षं
त्यांनी आत्याला पाहिलंच नाही,
एकाच पंगतीत बसून.
त्यांची चाचणी घेतली असती
तर शंभरात शंभर.

माझ्या शंभरात एकेचाळीस चुका.
चूक हा नुसता आमचा शब्द आहे, मोरॅग घाईने म्हणाली,
पुष्कळांची होते,
एकट्यादुकट्याचं आम्ही काही सांगत नाही, सरासरी बघतो.
मग मला बरं वाटावं म्हणून
तिने पडद्यावरची रेघ दाखवली:
हे बघा, डोळा चुकीकडे गेला,
आणि हा इथे, स्वतःहून, परत फिरला.
कुणी सांगितलं नव्हतं.
मध्ये किती वेळ, मी विचारलं.
अगदीच थोडा.
पापणीसुद्धा लवत नाही तेवढ्यात.

तेवढ्यात एक मूद भात वाढून होतो.

बाहेर साडेतीनलाच दिवे लागलेले.
टे नदीत नव्या पुलाला लागून
पडलेल्या जुन्या पुलाचे बुंधे ओळीने उभे,
वर काही नाही.
शेजारून आगगाडी गेली, उजेडाच्या चौकटी घेऊन,
आणि मी बुंध्यांकडे बघत होते.
काठावर एक म्हातारा
पट्टा ओढत म्हणाला,
चल गं. सोड आता. काय आहे तिकडे?

तो कुत्रीशीच बोलत होता.
बहुतेक.
आम्ही दोघीही बघत राहिलो.